तिसऱ्या रविवारची हरकत

पाळकांनी पहिल्यांदा नाव वाचलं तेव्हा ते कोणाचं, हे तिला क्षणभर कळलंच नाही. त्या माणसाला अख्खी मंडळी लंबू म्हणत असे, आणि ती कळत्या वयापासून लंबूकाका म्हणत आली होती. पाळकांनी चष्मा नाकावर वर सरकवून ते लांबलचक, कागदोपत्री नाव वाचलं. यांची मंडळीचे पंच म्हणून निवड झाली आहे, म्हणाले; नाव तीन रविवार वाचलं जाईल; कोणाची रास्त हरकत असेल तर त्याने तिसऱ्या रविवारी सगळ्यांदेखत उभं राहून सांगावी, नंतर कुरकुर करू नये.

"कोण म्हणाले?" आईने विचारलं. आईचा डावा कान अधू होता, म्हणून ती नेहमी आईच्या उजव्या हाताला बसे. आपण कुजबुजतो आहोत असं आईला वाटे, आणि ते तीन बाकांपर्यंत ऐकू जाई.

"लंबूकाका."

"अगंबाई, चांगलंच झालं की."

हेही तीन बाकांना ऐकू गेलं. दोन बाकं सोडून पुढे बसलेल्या लंबूकाकांची मान खाली गेली. लोकांना तो विनय वाटला.

तिच्या मांडीवरच्या पिशवीत एक कार्ड होतं. पोस्टकार्डाहून थोडं लहान, पिवळट, एका कोपऱ्याला भोक आणि भोकाभोवती ग्रीसचं काळं कडं. ते तिला गुरुवारी सापडलं होतं, आणि गुरुवारपासून तिला एका जागी पाच मिनिटं बसवत नव्हतं.

बाबा आणि लंबूकाका दोघं लिफ्टचे मेकॅनिक. सव्वीस वर्षं एकाच जोडीने काम केलं. बाबा बुटके, काका ताडमाड. शिडी आणायला नको, लंबूला उभा कर, असं बाबा म्हणत. त्या धंद्यात एक नियम असा, की लिफ्ट ज्यातून वरखाली जाते त्या बोळात उतरण्याआधी माणसाने वर मशीनच्या खोलीत जायचं, मेन स्विच बंद करायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप घालायचं. प्रत्येकाचं कुलूप वेगळ्या रंगाचं. बाबांचं पिवळं, काकांचं निळं. किल्ली एकच आणि ती गळ्यात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. साहेब आला तरी दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. बाबा हा नियम नव्या पोरांना शिकवत. कुलपाच्या कडीत एक चिठ्ठीही अडकवत: काम चालू आहे, स्विच चालू करू नये, तारीख, वेळ. त्या चिठ्ठ्यांसाठी तीच त्यांना ग्रंथालयातली जुनी, रद्द झालेली सूचीकार्डं आणून देई. एका बाजूला कुठल्यातरी पुस्तकाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला बाबांचं जाड पेन्सिलीचं अक्षर.

चौदा महिन्यांपूर्वी एका कचेरीच्या इमारतीत बाबा बोळाच्या तळाशी, खड्ड्यात काम करत असताना लिफ्ट सुरू झाली. दवाखान्यातून घड्याळ, चष्मा आणि गळ्यातली दोरी किल्लीसकट परत आली. पिवळं कुलूप बाबांच्या हत्यारांच्या पिशवीतच निघालं. इमारतीत त्या वेळी दोघंच कामाला होते. काकांनी चौकशीत सांगितलं, मी वर गेलो तेव्हा स्विचला कुलूप नव्हतं. म्हणून अहवालात आलं: मृताने कुलूप लावलेलं नव्हतं. तेव्हापासून कंपनी नव्या पोरांना शिकवताना बाबांचंच उदाहरण देते. अनुभवी माणूसही कसा गाफील राहतो, याचं. आईला हे कोणीतरी बाजारात सांगितलं होतं.  आई घरी येऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

आणि हे कार्ड. त्यावर त्या दिवसाची तारीख होती. वेळ, नऊ चाळीस. कडीतून गेल्याशिवाय भोकाला ग्रीस लागत नाही.

ते सापडलं काकांच्या गीतपुस्तकात. ती ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात पुस्तकं बांधायचं काम करते, म्हणून मंडळीची फाटकी गीतपुस्तकंही तिच्याकडेच येत. या वेळी काकांनी स्वतःचं पुस्तक आणून दिलं होतं. कणा सुटलाय, बघ, म्हणाले. पुठ्ठा आणि अस्तराचा कागद यांच्या मध्ये कार्ड खुपसलेलं होतं. तिने ते चिमट्याने बाहेर ओढलं, उलटं केलं, आणि बाबांचं अक्षर ओळखून आधी तिला नुसता आनंद झाला. तारीख नंतर वाचली.

प्रार्थनेला सगळे उभे राहिले. प्रभूने शिकवलेली प्रार्थना तिला झोपेतही म्हणता आली असती. पण अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीपाशी तिचे ओठ मिटले आणि पुढच्या ओळीला उघडले. आईने कोपराने ढोसलं. "म्हण की," आई म्हणाली.

त्या आठवड्यात तिने एक वाक्य तयार केलं. 'माझी हरकत आहे. माझ्या बाबांनी कुलूप लावलं होतं, ते या माणसाने काढलं आणि दोष मेलेल्या माणसावर ढकलला.' चालताना म्हणून पाहिलं, खळ शिजवताना म्हणून पाहिलं. 'या माणसाने' म्हणावं की 'यांनी'? आदरार्थी बोललं तर जास्त लागेल, असं वाटून तिने तो बदल केला, मग पुन्हा पहिलं केलं. वाक्य संपल्यावर चर्चमध्ये जी शांतता पडेल ती तिला आत्ताच ऐकू येत होती. काकांचा चेहरा दिसत होता. तो चेहरा ती दिवसातून शंभर वेळा बघे, आणि दर वेळी तिच्या छातीत काहीतरी गरम उसळी मारून खाली बसे. मग लगेच उठून खिडकीशी जावं लागे.

 बुधवारी तिने एका शरीरशास्त्राच्या पुस्तकाला पुठ्ठा उलटा चिकटवला.

"वाचकाने आता शीर्षासन करून वाचायचं का?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. त्या तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या आणि तिची कुठलीच चूक मनाला लावून न घेणाऱ्या. "तू घरी जा बरं. नाहीतर उद्या मलाच त्या पुस्तकं दाबायच्या शिकंजात घालशील."

ती घरी गेली नाही. लांबच्या रस्त्याने फिरत राहिली आणि अंधार पडायच्या आत जिथून निघाली होती तिथेच परत आली.

गुरुवारी लंबूकाका ग्रंथालयात आले. दुरुस्ती विभाग तिसऱ्या मजल्यावर. जिन्यावरून त्यांच्या धापा आधी आल्या, मग ते. लिफ्ट बंद आहे का, असं काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, तर म्हणाले, चालू आहे की. आणि रुमालाने मान पुसत उभे राहिले. तिच्या लक्षात आलं, की बाबा गेल्यापासून हा माणूस लिफ्टमध्ये चढलेला आपण पाहिलेला नाही.

"माझं पुस्तक झालं का, पोरी?"

"खळ वाळायची आहे."

"घाई नाही, घाई नाही." ते शिकंजाच्या चाकावरून बोट फिरवत राहिले. "नीट उघडून पाहिलंस ना? आतून?"

"पाहिलं."

ते थांबले.  मग काकांनी खिशातून तेलाची छोटी बाटली काढली, शिकंजाच्या कुरकुरणाऱ्या आट्यावर दोन थेंब सोडले आणि निघून गेले. चौदा महिने ते असंच करत आले होते. दर शनिवारी घरी येऊन नळाचं वायसर, दिव्याचं बटण, खिडकीचा आकडा, काही ना काही दुरुस्त करून जात. भावजी नसते तर आपलं घर गळून पडलं असतं, असं आई म्हणे. तिने चिंधी घेतली आणि ते तेल खरवडून पुसलं. शिकंजा पुन्हा कुरकुरेपर्यंत पुसलं.

शुक्रवारी ती पाळकांना भेटली. ते चर्चमागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या वेगळ्या काढत होते. हरकत लेखी देता येते का, तिने विचारलं. नाही, म्हणाले, चिठ्ठ्याचपाट्यांनी मंडळ्या फुटलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, बोलायचं तर तोंडाने आणि तोंडावर. कोणाविरुद्ध, कशासाठी, काही विचारलं नाही. एक खुर्ची हलवून पाहिली, बाजूला ठेवली.

"खरी असेल तर घेतलीच पाहिजे," ते म्हणाले. "फक्त उठण्याआधी त्या माणसाला एकट्याला भेट. तेवढा क्रम आपल्यात पाळायचा असतो."

"आणि भेटून आल्यावरही उठावंसं वाटलं तर?"

"तर ऊठ. पण मग कशासाठी उठतेयस ते तुझं तुला ठाऊक असेल."

याचा तिला रागच आला. कशासाठी उठायचं ते तिला आजही ठाऊक होतं.

दुसऱ्या रविवारी नाव पुन्हा वाचलं गेलं. पंच झालेला माणूस प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट घेऊन बाकाबाकापाशी जातो. पुढल्या महिन्यात हेच दोन हात आपल्यापुढे ताट धरणार, या विचाराने तिला बसवेना. डोकं दुखतं सांगून ती मध्येच बाहेर आली आणि आवारात भिंतीलगत फेऱ्या मारत राहिली. आतून प्रार्थनेचा आवाज आला. त्या ओळीपाशी ती चालायची थांबली. पण बोलली नाही.

नंतरच्या शनिवारी काका नेहमीसारखे आले. स्वयंपाकघराच्या खिडकीचा आकडा निघाला होता. आई खालच्या मजल्यावर शेजारणीकडे गेली होती. काका पेचकस घेऊन खिडकीशी उभे राहिले, आणि तिने पिशवीतून कार्ड काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. पेन्सिलीची बाजू वर.

काकांनी ते पाहिलं. दचकले नाहीत. पेचकस हळूच कार्डाशेजारी ठेवला, जणू ते जागं होईल.

"सापडलं तर."

"तुम्ही ठेवलंत म्हणून सापडलं."

"हो." ते खुर्चीवर बसले; गुडघे टेबलाला लागले. "मी गेल्या रविवारीच वाट पाहत होतो. मग तू उठून बाहेर गेलीस."

"तिसऱ्या रविवारी विचारतात."

"ठाऊक आहे. मी पंच व्हायला हो म्हटलं ते त्याचसाठी. दोनदा नाही म्हणालो होतो. मग सुचलं, की हरकत विचारतात." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "चौदा महिने माझ्या तोंडाला कुलूप आहे, पोरी. म्हटलं, माझं नाही उघडत तर तुझं उघडेल."

ती बघतच राहिली. दोन आठवडे ज्या क्षणासाठी तिने जिवाचं रान केलं, तो क्षण हा माणूस तिच्याकडे मागायला आला होता, पाहुण्याने ग्लासभर पाणी मागावं तसा.

"म्हणजे तुमचं काम मी करायचं," ती म्हणाली.

 काकांनी खाली बघत त्या दिवसाचं सगळं सांगितलं. बाबा कुलूप लावायला कधी विसरत नसत, काढायला विसरत. काम आटपलं की डबा घेऊन खाली जेवायला जात, आणि कुलूप वर तसंच. मग काकांना सात-आठ मजले उतरून त्यांच्या गळ्यातली किल्ली आणावी लागे. याला कंटाळून बाबांनीच दुसरी किल्ली करवून घेतली आणि काकांना दिली. नियमाबाहेरची गोष्ट, दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. दोघांचं ठरलेलं होतं, की डबा मशीनच्या खोलीबाहेर कठड्याला टांगलेला असायचा. डबा जागेवर असला तर बाबा बोळात. डबा नसला तर बाबा जेवायला गेले, आणि कुलूप काढायचं राहिलं. काकांनी तसं ते कितीदा तरी काढलं होतं. काढून बाबांच्या पिशवीत टाकायचं, चिठ्ठी स्वतःच्या खिशात, आणि स्विच वर.

"त्या दिवशी डबा नव्हता," काका म्हणाले. "मी बोळात वाकून हाक मारायला हवी होती. नियम तोच आहे. नाही मारली. कठडा रिकामा बघितला आणि हात आपला सवयीने गेला."

"आणि चौकशीत?"

"घाबरलो. दुसऱ्या किल्लीचं सांगितलं असतं तर..." ते थांबले. "नाही. ते कारण नाही. घाबरलो, एवढंच. पण पोरी, एक मला अजून कळत नाही. डबा गेला कुठे? तो जेवायला गेला नव्हता. खड्ड्यात नव्हता, पिशवीत नव्हता. चौदा महिने रोज मी तो डबा शोधतोय."

तिची नजर आपोआप कपाटाच्या बंद दाराकडे गेली. आत, मागच्या बाजूला बाबांचा डबा पालथा ठेवलेला होता. झाकणाला पोचा पडलेला. आई तो वापरत नसे आणि काढूनही टाकत नसे.

"तुम्ही जा आता," ती म्हणाली.

काका उठले. जाताना दारात वाकले; सवय होती. खिडकीचा आकडा तसाच राहिला आणि खिडकी वाऱ्याने आपटायला लागली. ती तिथेच उभी राहिली, मग चपला अडकवून बाहेर पडली.

त्या सकाळी डबा तिनेच भरला होता. भरून टेबलावर ठेवला, बाबांच्या पिशवीत घालायचा, आणि तेवढ्यात पुस्तकात बोट घालून ठेवलेलं पान संपवायला बसली. बाबा बूट घालत काहीतरी बोलले. ती हं म्हणाली. दार लागलं. पान संपलं, मग प्रकरण संपलं, आणि वर मान केली तर डबा समोर. खातील बाहेर काहीतरी, असं तिला वाटलं होतं. त्या दिवसाच्या सगळ्या आठवणींत ही आठवण इतकी किरकोळ होती, की तिने ती कधी उचलूनही पाहिली नव्हती.

ती चालत राहिली. दुकानं, पेट्रोलपंप, शाळेची लांब भिंत, पुन्हा दुकानं. पहिल्यांदा तिला काकांचाच जास्त राग आला: डबा नव्हता म्हणे. माणूस हाक मारतो. सव्वीस वर्षांचा जोडीदार आहे, एक हाक मारायला काय लागतं? मग राग जिथे जाऊन टेकायचा तिथे आता टेकेना. ते वाक्य तिने पुन्हा म्हणून पाहिलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आणि डब्याचं कोणाला कळणारही नव्हतं. आईला डबा घरी राहिल्याचं ठाऊक होतं, पण कठड्याचं नव्हतं. काकांना कठड्याचं ठाऊक होतं, पण डब्याचं नव्हतं. दोन्ही टोकं फक्त तिच्या हातात. ती गप्प राहिली तर काका उरलेला जन्म तो डबा शोधत राहतील. चौदा महिने ते गप्प राहिले, तशीच गप्प.

शाळेच्या भिंतीपाशी तिला थांबावं लागलं. भिंतीवर हात टेकला. आपल्याला क्षमा कोणाकडे मागायची, हा प्रश्न तिच्या मनात इतका सरळ आला की ती घाबरली. बाबा तर नव्हते. देव होता, पण त्याच्यापुढे रोज उभं राहून ती नेमकी तेवढीच ओळ गाळत होती. एका हाताने दार लोटून धरायचं आणि दुसऱ्या हाताने तेच वाजवायचं, असं चाललं होतं. हे कळल्याने बरं वाटलं, असं नाही. उलट वाटलं, की ते वाक्य उद्या म्हणता आलं असतं तर किती सोपं होतं.

संध्याकाळी तिने काकांचं गीतपुस्तक पुरं केलं. कणा बसवला, नवा अस्तराचा कागद लावला, आणि पुठ्ठ्याच्या आत एक छोटा कागदी खिसा चिकटवला, ग्रंथालयाच्या पुस्तकांना असतो तसा. कार्ड त्यात सरकवलं. पुस्तकावर दोन इस्त्र्या आणि पाटा ठेवून दिला.

"अजून खिडकी आपटतेय," आई म्हणाली. "भावजींनी केली नाही?"

"राहिली."

रविवारी ती आईच्या आधी निघाली. काका चर्चमध्ये एकटेच खिडक्या उघडत होते; काठी न घेता, नुसता हात वर करून. तिने पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं, खिसा पाहिला, कार्ड पाहिलं.

"डबा घरी होता," ती म्हणाली. "मी भरला होता. पिशवीत घालायचा राहिला. वाचत बसले होते."

काका जवळच्या बाकावर बसले. 

"टेबलावर?" त्यांनी विचारलं.

"टेबलावर."

"म्हणजे होता तर." त्यांनी श्वास सोडला. मग तिच्याकडे पाहिलं. "तू कशाला सांगितलंस? मला कधी कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं." तिने हात पदराखाली घेतले. "मी आज उठणार नाही, काका. तुम्हाला वाचवायला नाही. मी उठले असते तर बाबांसाठी उठले नसते, तुमचा चेहरा बघायला उठले असते. तुम्हाला मी क्षमा केली. आतून अजून पटलेलं नाही, उद्या पुन्हा म्हणावं लागेल, परवा पुन्हा. पण म्हटलं आहे. तुम्ही बोला, नका बोलू, ते म्हटलेलं मी परत घेणार नाही."

काकांनी पुस्तक बंद केलं. नव्या कण्यावरून अंगठा फिरवला.

"डबा विसरला म्हणून तुझा बाप तुझ्यावर रागावला नसता," ते म्हणाले.

"रागावले असते."

"थोडा."

"भूक लागली की बाबा रागवायचेच."

काकांच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला, आणि तेवढ्यात दारात आईची चाहूल लागली.

उपासना नेहमीसारखी सुरू झाली. तिसऱ्यांदा नाव वाचलं गेलं. कोणाची रास्त हरकत आहे का, पाळकांनी विचारलं आणि ते थांबले.  पाळकांची नजर सगळ्या बाकांवरून फिरत तिच्या बाकावर आली, तिथे जराशी रेंगाळली, पुढे गेली. वाक्य तोंडात तयार होतं. दोन आठवड्यांत इतकं घोटलं होतं की नुसते ओठ उघडले असते तरी बाहेर पडलं असतं. तिने पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली. पाळक कागदाची घडी घालू लागले.

दोन बाकं पुढे लंबूकाका उभे राहिले. उभे राहायला त्यांना वेळ लागला. इतका उंच माणूस.

"हरकत माझी आहे," ते म्हणाले.

मंडळीत कोणीतरी हसलं, थट्टा समजून. मग काका बोलायला लागले. पुस्तकातून कार्ड काढलं, तारीख वाचली, वेळ वाचली. दुसऱ्या किल्लीचं सांगितलं, न मारलेल्या हाकेचं सांगितलं, चौकशीत काय खोटं बोललो ते शब्दशः सांगितलं, आणि सोमवारी कंपनीत जाऊन हेच लिहून देणार असल्याचं सांगितलं. डब्याचा उल्लेख केला नाही. आवाज मध्येच बसत होता, तरी थांबले नाहीत. खिडक्या उघड्या होत्या. बाहेरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"काय म्हणतायत भावजी?" आईने विचारलं. काकांची पाठ इकडे होती, आवाज खाली, आईला काही कळत नव्हतं. "अगं, सगळे असे का बघतायत?"

ती आईच्या उजव्या कानाशी वाकली.

"बाबांनी कुलूप लावलं होतं, आई."

 आई म्हणाली, "लावलंच होतं. ते लावायला विसरायचे नाहीत." हे नेहमीसारखं तीन बाकांना ऐकू गेलं. काकांनाही गेलं, ते बोलायचे थांबले. आईने तिच्याकडे वळून विचारलं, "मग काढलं कोणी?"

हा प्रश्न येणार हे तिला कळायला हवं होतं. चौदा महिने आईने दर शनिवारी ज्याला चहा करून दिला तो माणूस सगळ्यांपुढे उभा होता, खाली बसावं की नाही हे न कळून.

"काकांनी," ती म्हणाली. "बाबा जेवायला गेलेत असं वाटलं त्यांना, माझ्यामुळे. घरी गेल्यावर सांगते. माझंही सांगायचं आहे."

आईला त्यातलं कितीसं कळलं कोण जाणे. तिने पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी घेतली आणि समोर बघत राहिली. पाळक वेदीवरून खाली उतरले, काकांपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, आपण प्रार्थना करू या. बाकं करकरली. सगळे उठले, आईसुद्धा.

ती ओळ आली. तिने ती म्हटली. आवाज फाटका निघाला, पण म्हटली. आणि म्हणताना तिच्या लक्षात आलं, की शेजारचा तो मोठा, तीन बाकांपर्यंत जाणारा आवाज बंद झाला आहे. आई ओठ घट्ट मिटून समोर, काकांच्या पाठीकडे बघत होती.

तिने आईला ढोसलं नाही.